बाबा, भिलाई आणि जॉर्जियातले सहा दिवस

भिलाईत सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात एक सोव्हिएत कॅलेंडर टांगलेलं होतं. वर्ष कधीच सरलं होतं, पण आईने ते काढलं नाही, कारण त्याच्या मागे भिंतीचा पोपडा सुटला होता. चित्रात भट्टीवर काम करणारा एक माणूस. कपाळावर सरकवलेला निळा चष्मा, रुंद हनुवटी, चेहऱ्यावर वितळलेल्या लोखंडाचा केशरी उजेड. बाबा पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंड वितळवायच्या मोठ्या भट्टीवर होते. रात्रपाळी करून ते घरी यायचे तेव्हा राखेने माखलेले आणि गप्प असायचे, त्या चित्राशी काहीच मेळ नसायचा. तरी लहानपणी मला ते दोघं एकच वाटायचे.

सोव्हिएत काळातली चित्रं, रंगीत तुकड्यांची मोझेइक, ओस पडलेले कारखाने, काँक्रीटचे विचित्र बसथांबे या सगळ्याचं मला जे वेड लागलं, त्याची सुरुवात तिथे आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तोच सोव्हिएत मदतीवर. फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं. भंडारा, गोंदिया, नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे गेली, त्यातलंच आमचं एक. आजोबा तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत होते आणि बाबा पोलाद कारखान्यात.

जॉर्जियाच का, असं सगळ्यांनी विचारलं. तिथे चियातुरा नावाचं खाणींचं गाव आहे, आणि चियातुरा म्हणजे मँगनीज. शिवाय देश लहान, सहा दिवसांत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला झेपेल एवढा. "तुम्ही येणार का बाबा?" असं मी भीतभीतच विचारलं होतं. ते म्हणाले, "जाऊ ना. रशियन शब्द विसरून राहिलो मी."

पहिला दिवस, तिबिलिसी

पहाटे उतरलो, दुपारपर्यंत झोपलो आणि मग म्त्क्वारी नदीकाठी जुन्या महामार्ग मंत्रालयाची इमारत पाहायला गेलो. १९७५ साली पूर्ण झालेली ही इमारत लांबून पाहिली तर काँक्रीटच्या लांबलचक पेट्या कोणीतरी एकमेकींवर आडव्याउभ्या रचून ठेवल्यासारखी दिसते. ग्योर्गी चाखावा आणि झुराब जलाघानिया हे तिचे वास्तुविशारद. चाखावा त्या वेळी त्याच खात्याचे उपमंत्रीही होते. जंगलात झाडाचं खोड थोडी जागा घेतं आणि विस्तार वर होतो, तशी इमारत जमिनीवर कमीत कमी टेकावी आणि खालची झाडं, उतार, पाणी तसंच राहावं, अशी त्यांची कल्पना. आता तिथे एका बँकेचं मुख्यालय आहे. इमारत नीट राखली आहे, याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी 'कोरडा पूल' म्हणतात तिथल्या जुन्या बाजारात गेलो. फुटपाथवर चादरी पसरून माणसं बसलेली. झेनिट कॅमेरे, चहाचे समोवार, लष्करी टोप्या, कपबशा, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आणि ताटंच्या ताटं भरून बिल्ले. बाबा एका ताटापाशी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्यांनी एक लाल बिल्ला उचलला, चष्मा वर केला आणि डोळ्यांजवळ नेऊन एकेक अक्षर जुळवत वाचलं: "उ-दार-निक."

उदार्निक म्हणजे नेमून दिल्यापेक्षा जास्त काम करणारा कामगार. बिल्ला नखाएवढा. लाल मुलामा एका कोपऱ्यात उडून खालचं पितळ दिसत होतं, आणि मागची पिन कोणीतरी कधी काळी तांब्याच्या तारेने बांधून दुरुस्त केली होती. बिल्ला नुसता मिरवायचा असता तर पिन तुटल्यावर कोणी एवढी खटपट केली नसती, असं मला वाटलं. भिलाईत बाबांना एका रशियन फोरमनने असाच एक दिला होता. सेक्टर सहामधून नागपूरला घर हलवताना तो हरवला. बाबांनी भाव न करता पैसे दिले आणि बिल्ला स्वेटरला लावला.

दुसरा दिवस, रुस्तावी

रुस्तावी पर्यटकांच्या यादीत नसतं. तिबिलिसीहून जेमतेम पंचवीस किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला स्टालिनच्या काळात इथे पोलाद कारखाना उभा करायचं ठरलं आणि कारखान्यासोबत नवं शहर. जॉर्जियाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आणले आणि जर्मन युद्धकैद्यांकडून रस्ते आणि घरं बांधून घेतली. १९४८ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. सोव्हिएत संघ कोसळला तसा कारखानाही बराचसा बसला. काही भाग अजून चालतो.

टॅक्सीतून उतरलो ते जुन्या रुस्तावीच्या मुख्य रस्त्यावर. रस्ता रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, झाडांमागे कमानी आणि सज्जे असलेल्या पिवळट इमारती. बाबा दहा पावलं चालले आणि थांबले.

"पाह्य बरं," ते म्हणाले, "हे त आपलं सेक्टरच आहे."

कमानी भिलाईत नाहीत, आमची क्वार्टर्स साधी चौकोनी. पण बाबा म्हणत होते ते मला कळलं. नकाशा तोच होता. घरापासून शाळा किती, शाळेपासून बाजार किती, बाजारापासून प्लांटचं गेट किती, हे आधी कागदावर आखून मग माणसं आणून वसवलेलं गाव. असं गाव उभं राहतं तेव्हा पहिली पिढी सगळीच परकी असते आणि सगळीच सारखी असते. आमच्या गल्लीत तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, मल्याळी, मराठी. भोंगा वाजला की सगळ्यांच्या सायकली एकाच दिशेला. रुस्तावीच्या रस्त्यावर त्या दुपारी कोणीही नव्हतं. एक आजोबा बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होते, तेवढेच.

बाबांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. मोडकं रशियन, त्यातही क्रियापदं गायब. "इंडिया. भिलाई. दोमना. या दोमना." दोमना म्हणजे ब्लास्ट फर्नेस. आजोबांनी भिलाई हे नाव ऐकलं होतं की नाही मला माहीत नाही, पण दोमना ऐकताच त्यांनी बाबांचा उजवा हात पकडून बाही वर केली आणि कोपराखालच्या जुन्या भाजल्याच्या खुणेवर बोट ठेवलं. मग स्वतःची बाही वर केली.

मी फोटो काढला नाही.

तिसरा दिवस, गुदौरीच्या वर

आज गाडी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर साठीच्या घरातले, थोडं इंग्रजी जाणणारे आणि अतिशय सभ्य. उत्तरेला काझबेगीच्या दिशेने निघालो. तासभर झाल्यावर त्यांनी आरशातून बाबांच्या स्वेटरकडे पाहिलं आणि गाडी हळूच कडेला घेतली.

मला म्हणाले, "तुमच्या वडिलांना वाईट वाटायला नको. पण त्यांनी तो बिल्ला माझ्या गाडीत काढून ठेवला तर बरं होईल." १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांच्या आजीच्या वडिलांना रात्री नेलं, ते परत आले नाहीत. आणि ९ एप्रिल १९८९ च्या रात्री ते स्वतः तिबिलिसीत रुस्तावेली रस्त्यावर होते. त्या रात्री स्वातंत्र्य मागणाऱ्या जमावावर सोव्हिएत सैन्य चालून गेलं. एकवीस माणसं मेली, त्यात बहुतेक बायका आणि तरुण मुली. पुढे २०११ मध्ये जॉर्जियाने कायदा करून सार्वजनिक ठिकाणच्या सोव्हिएत चिन्हांवर बंदीच घातली.

मी बाबांना सगळं मराठीतून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला. मग पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि रशियनमध्ये म्हणाले, "इझ्विनीते." माफ करा.

या वेडाची ही बाजू मी वर्षानुवर्षं फोटो जमवताना नीट पाहिली नव्हती, हे मला मान्य केलं पाहिजे. आमच्याकडे सोव्हिएत माणूस आला तो यंत्रं आणि पुस्तकं घेऊन. यांच्याकडे तो रात्री दार ठोठवायला आला. कॅलेंडरमधला भट्टीवाला दोन्ही घरांत एकच होता.

गुदौरीच्या वर, ज्वारी खिंडीच्या अलीकडे, दरीच्या तोंडावर रशिया-जॉर्जिया मैत्रीचं स्मारक आहे. जॉर्जियाला रशियाच्या संरक्षणाखाली आणणाऱ्या १७८३ च्या ग्योर्गिएव्स्क कराराला दोनशे वर्षं झाली म्हणून १९८३ मध्ये बांधलेलं. रचना पुन्हा चाखावांचीच. दगडी कमानींचा अर्धवर्तुळाकार सज्जा आणि आतल्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोझेइक: घोडेस्वार, संत, सैनिक, नर्तक आणि मधोमध मूल घेतलेली आई. रंग अजून ताजे आहेत. जवळ गेलं की आईचा चेहरा मोडून नुसते निळे, तांबडे, मातकट तुकडे उरतात आणि चार पावलं मागे आलं की पुन्हा चेहरा होतो. मी हे दहा वेळा केलं असेल. वारा असा होता की बाबांना कमानीच्या आडोशाला बसवावं लागलं.

खालच्या रस्त्यावर रशियाकडे जाणाऱ्या ट्रकची रांग. रशियाशी झालेल्या २००८ च्या युद्धानंतर दक्षिण ओसेतिया आणि अबखाझिया हे प्रांत रशियन सैन्याच्या ताब्यात आहेत, म्हणजे देशाची जवळपास पाचवा हिस्सा जमीन. स्मारकावरचा 'मैत्री' हा शब्द इथल्या लोकांना कसा ऐकू येत असेल? भिलाईत आमचीही एक मैत्री बाग आहे, भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने १९७२ मध्ये झालेली. तिथे आम्ही दर रविवारी पांढरे वाघ पाहायला जायचो, आणि त्या नावाचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता.

चौथा दिवस, गोरी आणि चियातुरा

गोरीला स्टालिनचं संग्रहालय. ज्या लहानशा घरात तो जन्मला ते जागेवर ठेवून त्यावर देवळासारखा खांबांचा मंडप उभारला आहे. बाजूला त्याचा हिरवा चिलखती रेल्वेचा डबा, ८३ टनांचा. आत लाल गालिचे, संगमरवरी खांब, मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा. छळात मारल्या गेलेल्यांविषयी जिन्याच्या खाली एवढीशी जागा. ड्रायव्हर आत आले नाहीत, बाहेर सिगारेट ओढत थांबले. आम्हीही तासाभरात निघालो. मला तिथे राहावंसं वाटलं नाही.

चियातुराने मात्र ती कसर भरून काढली.

क्विरिला नदीने कोरलेली अरुंद, खोल दरी. गाव दरीच्या तळाशी, खाणी दोन्ही बाजूंच्या कड्यांवर. १८७९ पासून इथे मँगनीज काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाच्या बाजारात मँगनीज पाठवणारे मोठे प्रदेश म्हणजे हे खोरं आणि आपल्याकडचा भंडारा, नागपूर, बालाघाटचा पट्टा. दोघं एकमेकांचे स्पर्धक होते. माझ्या आजोबांना चियातुराचं नाव माहीत असणं शक्य नव्हतं, पण तिथला भाव चढला-उतरला की इथे मजुरांची भरती कमी-जास्त होत असणार.

खाणकामगारांना रोज कडा चढून जावं लागू नये म्हणून १९५४ पासून इथे लोकांसाठी रोपवे बांधले गेले. शहरभर तारा. शाळेत जायचं, दवाखान्यात जायचं, कामावर जायचं, तर लोखंडी डब्यात बसायचं. ते जुने डबे आता बंद आहेत आणि २०२१ पासून नवे, काचेचे धावतात. पण काही जुनी स्थानकं अजून उभी आहेत. आम्ही एकात शिरलो. गोल दालन, छत फुटलेलं, जमिनीवर गवत. फलाटाशी एक डबा तसाच अडकून राहिलेला, निळा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. मी दारातून हात आत घातला. आत उभं राहणाऱ्यांसाठी छताला एक आडवा दांडा होता. बाकी सगळं गंजलेलं, पण दांड्याचा मधला वीतभर भाग अजून गुळगुळीत होता. बोटं धरून धरून झिजलेला.

बाबांनी दरम्यान बाहेरून एक दगड उचलून आणला होता. काळा, वजनदार. त्यांनी तो तळहातावर घासला, तळहात काळा झाला, आणि तो माझ्यासमोर धरला. "डोंगरीचा आन् हा, फरक सांग बरं," म्हणाले. आजोबांच्या धोतराला हाच रंग असायचा. आजी म्हणायची, तो धुतल्याने जात नाही, कापड फाटलं की मगच जातो.

इथे खाणी अजून चालू-बंद होत राहतात. शेजारच्या शुक्रुती गावात घरांना भेगा पडल्या, जमीन खचली. गावकरी भरपाईसाठी आंदोलन करत थेट तिबिलिसीत संसदेसमोर उपोषणाला बसले. नदीचं पाणी काळसर आहे. 'जुन्या काळाचे अवशेष' म्हणून इथे फोटो काढणाऱ्यांनी हेही पाहावं असं मला तळमळून वाटतं. अवशेष इमारतींचे आहेत. माणसं अजून तीच पाळी करतात.

पाचवा दिवस, त्सखाल्तुबो

कुताइसीजवळच्या या गावात जमिनीतून कोमट पाणी येतं, ३३ ते ३५ अंशांचं, रॅडॉन वायू असलेलं. तापवावं लागत नाही की निववावं लागत नाही. सांधेदुखीवर गुणकारी म्हणून त्याची ख्याती. १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेत कामगाराला विश्रांतीचा हक्क लिहून दिला होता, आणि तो हक्क दगडविटांत कसा दिसतो ते पाहायचं तर इथे यावं. बावीस सॅनेटोरियम म्हणजे राहून उपचार आणि विश्रांती घ्यायच्या इमारती, नऊ स्नानगृहं, मधे मोठं उद्यान. मॉस्कोहून थेट रेल्वे यायची. कामगार संघटनेने 'पुत्योव्का' म्हणजे चिठ्ठी दिली की वेल्डर, शिक्षिका, खाणकामगार तीन-चार आठवडे येऊन राहायचे.

१९९१ नंतर चिठ्ठ्या बंद झाल्या. आणि १९९२-९३ च्या अबखाझियाच्या युद्धात दोन लाखांहून जास्त जॉर्जियन माणसं घरदार सोडून पळाली. त्यातल्या हजारोंना सरकारने या रिकाम्या सॅनेटोरियममध्ये उतरवलं. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं तीस वर्षं टिकलं.

मेदेआ नावाच्या सॅनेटोरियमचे गोल खांब सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असतात. लग्नाआधीचे फोटो काढणारी दोन जोडपी तिथे होती. आम्ही फार थांबलो नाही. मला पाहायचं होतं 'मेटलुर्गी'. नावातच आलं: पोलाद कामगारांसाठीचं.

रुंद पायऱ्या, आत उंच दालन, वर मोठं झुंबर अजून लटकलेलं. जिन्याच्या कठड्यावर गोधडी वाळत घातलेली. एका खोलीच्या दाराबाहेर जुन्या डब्यांत लावलेली तुळशीसारखी रोपं आणि कोंबड्यांसाठी भिजवलेली पोळी. इतक्या वर्षांत बहुतेक कुटुंबांना नवी घरं मिळत गेली, पण काही माणसं अजून राहतात. पासष्टीच्या एक बाई दारात आल्या. मी परवानगी विचारली. त्यांनी मानेने हो म्हटलं आणि अक्रोडांचा वाडगा पुढे केला.

त्या अबखाझियातल्या सुखुमीच्या. आल्या तेव्हा धाकटा मुलगा दोन वर्षांचा होता. "पाहुणे येतात, छत बघतात, झुंबर बघतात," त्या बाबांना रशियनमध्ये म्हणाल्या, आणि बाबांनी मला अडखळत सांगितलं, "आम्ही पाणी कुठून आणतो ते कोणी बघत नाही." मग त्या स्वतःच आम्हाला ते दाखवायला घेऊन गेल्या. मागच्या आवारात एक नळ. तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत बादल्या. पायऱ्या संगमरवरी. प्रत्येक पायरीच्या एकाच बाजूला, उजव्या हाताला बादली घेऊन चढणाऱ्याच्या बाजूला, सांडलेल्या पाण्याचा पिवळा डाग पडलेला.

बाबांनी त्यांच्या हातातली बादली घेतली. त्या नको नको म्हणाल्या, मीही म्हणाले, "बाबा, तुमचे गुडघे." त्यांनी ऐकलं नाही. एका मजल्यापर्यंत नेली, मग मी घेतली.

परत येताना ते पायरीवर बसले. म्हणाले, "आमच्या फोरमनने सांगितलं होतं. प्लांटचे लोक इथं येत. मले म्हने, तू बी येशील एकदा." फोरमनने या गावाचं नाव घेतलं होतं की काळ्या समुद्राकाठच्या दुसऱ्या कुठल्या, ते त्यांना आठवत नव्हतं. गरम पाण्याची जागा, एवढंच आठवत होतं.

सहावा दिवस, सहा नंबरचं स्नानगृह

परतीचं विमान रात्री होतं. सकाळी लवकर सहा नंबरच्या स्नानगृहात गेलो. हे स्टालिनसाठी बांधलेलं. दर्शनी भागावर लोकांच्या मधोमध त्याचं शिल्प अजून आहे. आज तिथे कोणीही पैसे भरून अंघोळ करू शकतं. ड्रायव्हरनीच आदल्या रात्री फोन करून बाबांची वेळ ठरवली होती.

मी बाहेर बाकावर बसले. आत काय झालं ते बाबांनी नंतर गाडीत सांगितलं. एक म्हातारी परिचारिका होती, पांढऱ्या कोटातली. तिने पाण्यात उतरायला हात दिला आणि कट्ट्यावरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं. पंधरा मिनिटं, जास्त नाही, हृदयाला बरं नसतं. पाणी खालून येत राहतं आणि कडेने वाहून जातं, त्यामुळे अंगाला सतत हलकं हलकं लागत राहतं. वाळू संपत आली तेव्हा तिने विचारलं, काय काम करायचात?

बाबा म्हणाले, "मेतालुर्ग."

तिने त्यांच्या हातावरची खूण पाहिली, दाराकडे एकदा नजर टाकली आणि घड्याळ पुन्हा उलटं केलं.